जेद्दाहचा मासा आणि आपली यादी

"समुद्र कुठं, आपण कुठं, आणि तू कसल्या माशामागं लागलीयस गं?"

घरी गेलं की हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. या वेळी तो भिगवणच्या मासळी बाजारात आला. विचारणारे होते माझे चुलते, आणि आमच्या पुढ्यात उजनीच्या चिलापीचा ढीग. प्रश्न तसा रास्तच आहे. बारामती काय किंवा इंदापूर काय, समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटरहून लांब. उसाच्या आणि द्राक्षांच्या मुलखातल्या पोरीनं समुद्रातल्या पाकटांवर वाचत बसावं, हे विचित्र दिसणारच.

तिथं उभ्याउभ्या मी दिलेलं उत्तर अगदीच अपुरं होतं. म्हणून आज ते नीट द्यायचा प्रयत्न करते. पण या लेखात मला आणखी एक काम करायचंय, एका यादीची समीक्षा. समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, नाहीतर सिनेमा. पण कायद्याला जोडलेली यादी हासुद्धा कुणीतरी लिहिलेला मजकूरच असतो. त्यात काय लिहिलंय, कुणासाठी लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, हे कवितासंग्रहाइतक्याच बारकाईने वाचायला हवं. इथे तर त्या वाचनावर जिवंत प्राण्यांचं असणं-नसणं अवलंबून आहे.

आधी पाकट म्हणजे काय ते बघू

पाकट म्हणजे शार्कचा, म्हणजे आपल्या मुशीचा, चपटा झालेला चुलतभाऊ. दोघांच्याही अंगात हाड नसतं, सांगाडा कुर्चेचा असतो. आपल्या कानाच्या पाळीत जे लवचीक असतं ना, तेच. पाकटाचे बाजूचे पर पसरून डोक्याला जोडले गेले आणि सगळं अंग ताटासारखं सपाट झालं. तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला, डोळे वरच्या बाजूला. बहुतेक जाती वाळूत नाहीतर चिखलात अंग पुरून पडून राहतात आणि खेकडे, कोळंबी, शिंपले, बारीक मासे खातात. काहींच्या शेपटीवर विषारी काटा असतो. गिटारफिश नावाचा गट आणखी मजेशीर: तोंडाकडून पाहिलं तर पाकट, शेपटीकडून पाहिलं तर मुशी. त्याचाच थोरला नातेवाईक वेजफिश. आणि लांबलचक करवतीसारखं नाक असलेला करवतमासा, तोही शास्त्राच्या हिशेबात पाकटच.

आता उजनीशी तुलना करू, म्हणजे पाकटाची खरी अडचण कळेल. रोहू किंवा कटला घ्या. एक किलो वजनामागे मादी लाख-दोन लाख अंडी सहज देते. त्यातली बहुतेक मरतात, पण काही वाचली तरी पुरतं. शिवाय ही अंडी हॅचरीत फलित करून मत्स्यबीज तयार करता येतं, आणि धरणातली मासळी कमी झाली की ते बीज सोडता येतं. पाकटाचं तसं नाही. आपल्या किनाऱ्यावरची पाकटं, गिटारफिश, वेजफिश अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. काही महिने ते वर्षभर पोटात वाढवतात आणि एका विणीत बोटावर मोजण्याइतकी पिल्लं होतात. मांटासारख्या मोठ्या पाकटाला तर साधारणपणे एका वेळी एकच. वयात यायलाही त्यांना कित्येक वर्षं लागतात. म्हणजे माशाचं रूप घेतलेली गाय किंवा म्हैसच समजा. आणि हॅचरी नाहीच. पाकटाचं बीज कुणी गाडीत भरून आणून समुद्रात सोडू शकत नाही. गेलं ते गेलं.

जगभरातल्या शार्क, पाकट आणि त्यांच्या नातेवाइकांच्या ११९९ जातींचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाकटांच्या ६११ जातींपैकी २२० धोक्यात निघाल्या, शेकडा ३६. शार्कचं प्रमाण शेकडा ३१ च्या आसपास. बातम्या मात्र शार्कच्याच होतात. वेजफिश आणि मोठ्या गिटारफिशच्या मिळून १६ जाती मानल्या जातात, त्यातली एक सोडून बाकी सगळ्या 'अतिसंकटग्रस्त' या शेवटच्या पायरीवर आहेत. या पायरीच्या पुढे फक्त नामशेष होणं उरतं.

एका वर्षात तीन यादया

आता यादीकडे येऊ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. वाघ, हत्ती, माळढोक ज्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्याच अनुसूचीत काही मासेही आहेत हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. हे मासे तिथं आले २००१ मध्ये, आणि तेही तीन टप्प्यांत.

मे २००१ मध्ये व्हेल शार्क यादीत आला. ११ जुलै २००१ ला सरकारने एका फटक्यात सगळे शार्क आणि सगळी पाकटं अनुसूची १ मध्ये टाकली. म्हणजे कागदावर बघायचं तर, जाळ्यात बारकं पाकट आलं तरी वाघ मारल्यासारखा गुन्हा. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. मग ५ डिसेंबर २००१ ला यादी छाटली गेली आणि फक्त १० नावं उरली. त्यात ४ शार्क आणि ६ पाकटं. पाच महिन्यांत 'सगळं' पासून 'दहा' पर्यंत.

ही दहा नावांची यादी पुढे वीस वर्षांहून जास्त काळ चालली. पाकटांच्या सहा नावांपैकी तीन आपण जरा जवळून बघू.

पहिलं नाव: ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस. हे वेजफिशचं नाव. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्स्कालच्या ग्रंथातून ते आलं. 'जिडेन्सिस' म्हणजे जेद्दाहचा, तांबड्या समुद्रावरच्या जेद्दाह बंदराचा. पुढे हिंदी महासागरात जो कुठला वेजफिश दिसेल त्याला हेच नाव लावायची पद्धत पडली, आणि भारतातल्या माशालाही ते चिकटलं. नंतर वर्गीकरण करणाऱ्यांनी नमुने ताडून पाहिले, तेव्हा कळलं की खरा जिडेन्सिस तांबडा समुद्र ते दक्षिण आफ्रिका या पट्ट्यातला आहे. आपल्या पाण्यात सापडतात ते त्याचे भाऊबंद, ऱ्हिंकोबॅटस लीव्हिस आणि ऱ्हिंकोबॅटस ऑस्ट्रेलिई. यातली गंमत, खरं तर शोकांतिका, बघा. लीव्हिस हे नाव १८०१ मध्ये दिलं गेलं ते तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या माशावरून. म्हणजे भारतीय कायद्याने जेद्दाहच्या माशाला वाघाचा दर्जा दिला आणि तरंगमबाडीच्या माशाचं नाव यादीत आलंच नाही.

दुसरं नाव: हिमांतुरा फ्लुव्हिआटिलिस, गंगेतलं पाकट. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यातलं हे नाव. त्याने पाकट पाहिलं असणारच, पाकटं नदीत बरीच आत येतात. पण त्या नावाने नक्की कुठली जात ओळखायची, हे आज कुणाला ठामपणे सांगता येत नाही. वर्गीकरणतज्ज्ञ हे नाव संशयास्पद मानतात. म्हणजे आरोपीचं नाव आहे, पण ओळख परेडला उभं कुणाला करायचं ते माहीत नाही. इथे तर आरोपीही नाही, ज्याला वाचवायचं तोच सापडत नाही.

तिसरं नाव: प्रिस्टिस मायक्रोडॉन, करवतमासा. हे नाव २००१ मध्ये बरोबरच मानलं जात होतं, त्यामुळे यादी करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पुढे २०१३ च्या सुमारास ही वेगळी जात नसून प्रिस्टिस प्रिस्टिस हीच जात आहे, असं ठरलं. शास्त्रात हे चालायचंच, नावं बदलत राहतात. पण यादी बदलायला कायद्यात दुरुस्ती किंवा अधिसूचना लागते. शास्त्र एका गतीने चालतं, राजपत्र दुसऱ्या.

सहापैकी तीन. तुम्ही म्हणाल, ही तर शब्दांची कीस काढणी झाली, मच्छीमाराला आणि वनरक्षकाला काय फरक पडतो? पडतो. एखादा वेजफिश बंदरावर उतरतो, तेव्हा तो 'यादीतला' आहे की नाही हे ठरवायला कुणीतरी वाकून बघायला हवं आणि त्याला नाव सांगता यायला हवं. या कायद्याखाली तीन ते सात वर्षांची कैद आहे. ज्या नावावर तुरुंग ठरतो, ते नाव समोरच्या माशाला लागतच नसेल, तर प्रामाणिक अधिकारी हात आखडता घेईल आणि अप्रामाणिक अधिकारी हात पुढे करेल. मासा दोन्ही वेळा मेलेलाच.

भीमेच्या माशांचीही हीच कथा

नावांचा हा घोळ फक्त समुद्रातलाच आहे असं नाही. आपल्या भीमेचं उदाहरण घ्या. कर्नल सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांमधले मासे त्याने गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. त्याने एक चांगली गोष्ट केली. इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्याने शास्त्रीय नावांतच घालून टाकली. 'कोलस', 'पोटेल', 'रोहटी', 'मुसुल्ला' अशी मराठी नावं आज जगभरच्या संग्रहालयांच्या नोंदीत आहेत, ती त्याच्यामुळे.

पण पुढे काय झालं? 'मुसुल्ला' हे नाव महाशीराला जाऊन चिकटलं. कित्येक वर्षं महाशीर वाचवा म्हणताना हे नाव वापरलं गेलं. सायक्सचा मुसुल्ला हा महाशीर नव्हताच, वेगळाच मासा होता, हे २०१० नंतरच्या संशोधनात पुढे आलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षं आपल्या नदीतला एक मासा दुसऱ्याच्या नावावर जगत होता. नाव आणि मासा यांची गाठ सुटली की संरक्षण कुणाचं होतंय हेच कळत नाही. भीमेत हे घडू शकतं, तर उघड्या समुद्रात काय होत असेल याचा अंदाज करा.

यादीची बाजूही ऐकून घेऊ

नुसती टीका करून मोकळं होणं बरं नाही. याच यादीने एक मोठं काम केलेलं आहे. व्हेल शार्क. गुजरातच्या किनाऱ्यावर या अवाढव्य, निरुपद्रवी माशाची शिकार होत होती. २००१ मध्ये तो यादीत आला, पाठोपाठ २००४ मध्ये मोरारी बापूंना सोबत घेऊन मोहीम झाली, जाळं कापून मासा सोडणाऱ्याला नुकसानभरपाई मिळू लागली. शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हातांनी सोडले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तिच्याखाली सुटलेल्या प्राण्यांत समुद्री कासवंच मोठ्या संख्येने आहेत.

मग व्हेल शार्कला आणि कासवाला जे जमलं ते पाकटाला का जमत नाही?

कारण व्हेल शार्क ओळखायला पीएचडी लागत नाही. तो एकच आहे, बसएवढा आहे आणि अंगावर ठिपके आहेत. कासव म्हणजे कासव. पाकटाचं तसं नाही. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी जातींना मराठीत एकच शब्द आहे, पाकट. त्यातली कुठली यादीत आहे आणि कुठली नाही, हे पाठीवरच्या काट्यांच्या रांगा आणि नाकपुड्यांमधली कातडीची घडी बघून ठरतं. ट्रॉलरच्या डेकवर रात्री तीन वाजता, सर्चलाइटच्या उजेडात, पायाशी चारशे किलो मासळी पडलेली असताना हे कोण बघणार? तीन-तीन तास ओढलेल्या जाळ्यातून वर आलेल्या पाकटाला तेवढा वेळ असतो का?

कायद्यात २०२२ च्या शेवटी मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूचींची फेरमांडणी झाली, शार्क आणि पाकटांची नावंही बरीच वाढली. हे स्वागतार्हच आहे. पण मांडणीचा विचार तोच राहिला: एका ओळीत एक नाव. माझा मुद्दा नेमका या विचाराशी आहे. दहाची यादी पन्नासची केली, तरी 'मासा हातात आल्यावर त्याचं नाव बघा' हीच तिची रीत राहते. तोवर उशीर झालेला असतो.

पाकट मरतं कशाने?

पाकटाला मारायला कुणी खास निघत नाही, निदान आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा नाही. कोळंबीसाठी तळ खरवडत जाळं ओढलं जातं आणि तळाशी पडून राहणारं पाकट त्यात येतं. म्हणजे पाकटाचा मृत्यू जातीवर ठरत नाही. तो दोन गोष्टींवर ठरतो, जाळं कसलं आहे आणि ते कुठं टाकलंय. यादीत या दोन्ही गोष्टींना जागा नाही.

उजनीच्या मच्छीमारांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 'वडाप' म्हणून बारीक आसाची जाळी चालतात, त्यांवरून होणारे वाद तुम्ही स्थानिक बातम्यांत वाचले असतील. त्या भांडणात कुणी माशांच्या जातींची यादी काढत नाही. भांडण जाळ्याच्या आसाचं असतं, कारण बारीक आस सगळ्यांचंच पिल्लू मारते. चुलत्यांना मी वेजफिशच्या नावाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी पटकन हेच विचारलं, "मग जाळ्याचं काय ते बघा की, नावाचं काय करायचंय?"

बरोबर आहे, पण उजनीचं शहाणपण जसंच्या तसं समुद्रात नेता येत नाही. रोहूचं बोटभर पिल्लू मोठ्या आसातून निसटतं. गिटारफिशचं पिल्लू जन्मतःच चांगलं वीतभर किंवा त्याहून मोठं असतं, पाकटाचं अंगाने रुंद. ट्रॉल जाळ्याच्या टोकाला ४० मिलीमीटरची चौकोनी आस लावली तर बारकी मासळी वाचते, पाकटाचं पिल्लू नाही वाचत. त्याला वेगळी सोय हवी. जाळ्यात तिरपी जाळी-चौकट बसवून मोठा प्राणी वरच्या झडपेतून बाहेर काढायची युक्ती आहे, ती मूळ कासवांसाठी केलेली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कोळंबी मासेमारीत ती सक्तीची झाली, तेव्हा मोठी पाकटंही मोठ्या प्रमाणात सुटू लागली. लहान पाकटं मात्र चौकटीच्या गजांमधून आत जातातच. भारतातही अशी चौकट तयार झालेली आहे. कासवांसाठी ती वापरली जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, तेव्हा कुठे तिच्याबद्दल जोरात बोलणं सुरू झालं. पाकटाचं नाव त्या चर्चेत क्वचितच निघतं.

मग लहान पाकटांसाठी उरते जागा आणि वेळ. पिल्लं बहुधा किनाऱ्यालगतच्या उथळ, मऊ तळाच्या पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी वाढतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी असते. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांना ती उपयोगी आहे. पण ज्याचा गर्भकाळच काही महिन्यांचा आहे आणि ज्याच्या गाभण माद्या इतर महिन्यांतही सापडतात, त्याला दोन महिन्यांची सुट्टी कितीशी पुरणार? जागेचं बघायचं तर मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं, क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. उरलेला बराचसा उथळ समुद्र हा आपल्या कागदांवर नुसता 'समुद्र' आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात सुमारे १४४८ हेक्टर समुद्रात भराव आहे. असा प्रकल्प आला की हमखास विचारलं जातं, "इथं अनुसूचीतली कुठली जात आहे का?" या उथळ पाण्यात कशाकशाची पिल्लं वाढतात, हा प्रश्न मागे पडतो. यादी नावांची असल्यावर प्रश्नही नावांचेच विचारले जाणार.

जागा गेल्यावर काय होतं याचं उदाहरण जावा बेटावर आहे. १८६२ मध्ये जाकार्ताच्या मासळी बाजारातून एक लहानसं पाकट घेतलं गेलं, फूटभर लांबीचं. त्यावरून 'जावा पाकट' या जातीचं वर्णन झालं. त्यानंतर ही जात कुणालाच पुन्हा सापडली नाही. तिथला किनारा मासेमारीने आणि उद्योगांनी पार बदलून गेला. डिसेंबर २०२३ मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माणसामुळे संपलेला हा पहिला समुद्री मासा मानला जातो. त्याला नाव होतं, आणि ते बिनचूकही होतं. राहायला जागा मात्र उरली नाही.

आता आमचीही खरडपट्टी

यादी करणाऱ्यांना बोलले, आता संशोधकांना बोलायलाच हवं, त्यात मीही आले. २०२२ मध्ये 'ओशन अँड कोस्टल मॅनेजमेंट' या नियतकालिकात भारतातल्या शार्क-पाकट संशोधनाचा आढावा आला. त्याच्या शीर्षकातच म्हटलंय की या संशोधनाचा संवर्धनाशी फारसा संबंध नाही. वाचून वाईट वाटलं, पण नाकारता येईना. आपण जाती मोजतो, लांबी-वजनाचे आलेख काढतो, पोटात काय सापडलं ते लिहितो. जाळ्यातून जिवंत सुटलेल्या पाकटांपैकी किती वाचतात, पिल्लांच्या जागा नेमक्या कुठं आहेत, मच्छीमाराला पाकट सोडणं परवडेल का, हे प्रश्न मागे राहतात. कारण ते अवघड आहेत आणि पटकन शोधनिबंध देत नाहीत.

आकडेवारीतही नावाचा तोच रोग. आपल्या देशाच्या सागरी मासळीच्या नोंदीत हा सगळा गट 'शार्क', 'स्केट' आणि 'रे' अशा तीन रकान्यांत जातो. त्यातल्या 'स्केट'मध्ये प्रामुख्याने गिटारफिश आणि वेजफिश असतात, जे शास्त्रानुसार स्केट नाहीतच. कायद्यात एक-एक जात आणि नोंदवहीत तीन रकाने. एक इतकं बारीक की वापरता येत नाही, दुसरं इतकं ढोबळ की काय कमी होतंय ते दिसत नाही. रकान्याचा आकडा स्थिर राहूनही त्यातली एखादी जात गुपचूप संपलेली असू शकते.

मग बारामती-इंदापूरचा काय संबंध?

आता चुलत्यांचा मूळ प्रश्न. संबंध दोन आहेत.

एक, आपल्या भागात पोल्ट्रीच्या शेड किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येणारी, माणसं न खाणारी बारीक मासळी पूर्वी समुद्रात टाकून दिली जायची. आता ती सुकवून, दळून भुकटी होते आणि कोंबड्यांच्या, कोळंबीच्या, माशांच्या खाद्यात जाते. कोंबडीखाद्यात आता सोयाबीनने मोठी जागा घेतली आहे, तरी ही बाजारपेठ जिवंत आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याचा निष्कर्ष असा की मूळ कोळंबी कमी झाली, तेव्हा तोट्यात जाऊन ट्रॉलर थांबायला हवे होते. पण ही बारीक मासळी विकता येऊ लागल्यामुळे ते चालूच राहिले. म्हणजे समुद्राला विसावा देणारा एकमेव ब्रेक निकामी झाला. त्या बारीक मासळीत पाकटांची पिल्लंही असतात. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, कारण भुकटीला जात नसते.

दोन, आपलं पाणी. आपली भीमा कोकणाकडे जात नाही, पूर्वेला जाते. उजनीतून पुढे कृष्णेला मिळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला. नदीचं गोडं पाणी आणि गाळ यांनीच मुखाजवळचे चिखलाचे उथळ पट्टे तयार होतात, तीच पाकटांची जागा. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. आपल्या उसाला, पिण्याला, उद्योगाला त्याने जीवन दिलं, हे मी नाकारत नाही, माझं शिक्षणही त्याच पाण्यावर झालंय. पण उजनीत साठणारा गाळ हा खाली कुठंतरी न पोचलेला गाळ असतो. कृष्णेच्या खोऱ्यात अशी धरणं एकामागोमाग आहेत आणि दुष्काळी वर्षांत समुद्रापर्यंत फार थोडं पाणी पोचतं. आपण गाळाबद्दल बोलतो ते धरणाची क्षमता घटते म्हणून. तो ज्याच्या वाट्याचा होता, त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही.

म्हणून या यादीवरचा माझा शेवटचा आक्षेप असा. तिने आपल्याला असं समजायची सवय लावली की पाकट वाचवणं हे कोकणातल्या मच्छीमाराचं काम आहे, त्याने नाव ओळखावं आणि सोडून द्यावं. सगळा भार जाळं ओढणाऱ्या हातांवर. खाद्य विकत घेणारा, धरण अडवणारा, भराव टाकणारा आणि माझ्यासारखा आलेख काढणारा, यांपैकी कुणाचाच त्या यादीशी संबंध येत नाही.

यादी फाडून टाका असं मी म्हणत नाही. तिच्यात मला तीन गोष्टी हव्या आहेत. गिटारफिश आणि वेजफिशसारख्या गटांना जातीनुसार न मोजता अख्ख्या गटाला संरक्षण, म्हणजे डेकवरच्या माणसाला नाकपुडीची घडी बघावी लागणार नाही, आकार बघून कळेल. प्रत्येक नावासमोर किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडचं नाव आणि चित्र, सायक्सला पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुचलं ते आपल्याला सुचायला हरकत नाही. आणि नावांच्या शेजारी जागांची यादी: कुठल्या खाडीचं तोंड, किती खोलीपर्यंत, कुठल्या महिन्यांत. जुलै २००१ सारखी एका रात्रीत सगळ्यांवर बंदी नको, मच्छीमारांशी बोलून, भरपाईसह.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपण पापलेटला राज्यमासा केलं. चांगलं केलं, पापलेटही कमी होतोय. पण पापलेटच्या बाजूने बोलायला आपली जीभ आहे. पाकटासाठी बोलायचं तर माहितीच लागते. ती थोडीफार तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर पुढच्या वेळी भिगवणला कुणी विचारलं, "समुद्र कुठं, आपण कुठं?", तर उत्तर द्यायला मी एकटी नसेन.